चंद्रपुरांतील उत्तम सांबारवडी

चंद्रपुरास नव्यानें बदलून आलेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बिऱ्हाडाविषयीं असतो. हिवाळा असेल तर दुसरा असा, कीं येथें सांबारवडी सर्वांत चांगली कोठें मिळते? उत्तरें मात्र शहराला दरवाजे जितके तितकीं मिळतात. कोणी जटपुरा दरवाजाकडे बोट दाखवितो, कोणी गोल बाजाराकडे. आणि कोणी ‘आमच्या मावशीच्या घरीं’ असें सांगून वादच मिटवितो.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठीं एक खुलासा करणें अवश्य आहे. विदर्भांत सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरच्या आमटीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. उकडून कापलेली कोथिंबीरवडीहि ही नव्हे. डाळीच्या पिठांत थोडी कणीक घालून पातळ पोळी लाटावयाची, तिला चिंचेचा व मसाल्याचा हात लावावयाचा, मध्यें सारण भरून पुडा बांधावयाचा आणि तो तळावयाचा. म्हणून हिला पुडाची वडी असेंहि म्हणतात. एका नांवाचे दोन पदार्थ इतरत्रहि आहेत. होक्किएन चिनी लोकांच्या परतलेल्या शेवया क्वालालंपुरांत काळ्याभोर असतात, तर सिंगापुरांत त्याच नांवाच्या शेवया फिकट व रसदार. आणि उत्तम दुकान कोणतें यावर तेथेंहि खवय्यांचे वाद रंगतात.

आमच्या मतें दुकानाचें नांव विचारण्यापेक्षां वडीची पारख करावयास शिकावें. वडी मधोमध मोडून पाहावी. सारण हिरवें व मोकळें असेल तर ती सुगरणीच्या हातची समजावी. सांबार धुऊन पुरता कोरडा न करतां चिरला, किंवा मीठ लावून तसाच ठेवला, म्हणजे पाणी सुटतें. मग आवरण मऊ पडतें आणि वडी तेलकट होते. याकरितां सारण कालवितांच भरावें व भरतांच तळावें. एकत्र कुटुंबांत हें सहज साधतें. एकीनें लाटावें, दुसरीनें भरावें, तळणीपाशीं वडील हात असावा. एकट्या दुकानदारास गर्दीच्या वेळीं हें जमणें कठीण, आणि मावशीच्या घरचा लौकिक आहे तो यामुळेंच.

दुसरी पारख चारोळीची. खसखस व सुकें खोबरें कोठेंहि मिळतें, परंतु चारोळी ही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतली वस्तु. उन्हाळ्यांत चाराचीं फळें पिकतात. तीं वेंचून, गर काढून, बिया वाळवून, त्यांचें कठीण कवच जात्यावर हलक्या हातानें फोडावें लागतें. हें सारें काम बहुतांशीं रानांतल्या स्त्रिया करतात. पण जो आधीं तोडील त्याचें फळ, अशी चढाओढ लागली कीं कच्चींच फळें ओरबाडलीं जातात, फांद्याहि छाटल्या जातात. दाणा बारीक निघतो आणि झाडाचें नुकसान होतें तें निराळेंच.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. 2006 सालच्या वनहक्क कायद्यानें गांवाचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि 2009 मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास सुमारें 1,800 हेक्टर रानावर तो मिळाला. जेथें रान गांवाचें, तेथें फळ केव्हां उतरावयाचें हें ग्रामसभेस ठरवितां येतें. फळ पिकेपर्यंत थांबण्यांत मग कोणाचें नुकसान होत नाहीं.

तेव्हां भगिनींनीं चारोळी घेतांना दाणा भरदार आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि तो तसा असेल तर भावासाठीं फार घासाघीस करूं नये. चारोळी महाग म्हणून तिच्या जागीं दाण्याचें कूट घालण्यापेक्षां दोन वड्या कमी कराव्या. ताकाची कढी ऊन असावी आणि वड्या तळणींतून थेट पानांत पडाव्या, म्हणजे उत्तम वडीचा शोध घरच्या माजघरांतच पुरा होईल.