कुटुंबाचा वैद्य कसा घडतो?

रोग एकाला होतो, पण तो भोगतें सारें घर. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांच्या डॉक्टरांस हें कोणी शिकवावें लागत नसे. आजोबांचा दमा, काकूंचीं बाळंतपणें आणि धाकट्याचा गोंवर हीं सर्व एकाच माणसाच्या ध्यानांत असत. आज प्रत्येक अवयवाला तज्ज्ञ आहे, आणि तो असावाही. परंतु साऱ्या घराची प्रकृति ओळखणारा डॉक्टर कोठें व कसा तयार व्हावा, हा प्रश्न उरतोच.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्यानें परीक्षावयाच्या गोष्टींमध्यें ‘देश’ सांगितला आहे, आणि त्याचे अर्थ दोन : एक भूमि व दुसरा स्वतः रोगी. रोगी कोणत्या भूमींत जन्मला, वाढला व आजारी पडला, तेथील लोकांचा आहारविहार कसा, हें वैद्यानें जाणून घ्यावें असा त्याचा आशय आहे. मोठ्या रुग्णालयांत विद्यार्थ्यास रोगी दिसतो. त्याची चूल, विहीर आणि शेत दिसत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा एक दीर्घ प्रयत्न वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें चालूं आहे. डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षीं, तेथें वैद्यकीय महाविद्यालय स्थापिलें. नव्या विद्यार्थ्यांस आरंभीं पंधरा दिवस आश्रमांत राहावें लागतें. पुढें एका खेड्यांत मुक्काम होतो आणि प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपविलीं जातात. २०२२ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें देशभरच्या विद्यार्थ्यांसाठीं अशीच कुटुंबें दत्तक घेण्याची योजना आंखली.

तेथें शिकावयाचें तें काय? पांडुरोग झालेल्या सुनेस लोहाच्या गोळ्या लिहून देणें सोपें आहे. पण ती सर्वांच्या मागून जेवते आणि तिच्या वाट्यास भाजी उरत नाहीं, हें घरांत गेल्यावांचून कळत नाहीं. सासूबाईंचें मन न दुखवितां सुनेचें ताट आधीं वाढविणें, ही मोठीच विद्या होय. मधुमेही शेतकऱ्याच्या पायाची संवेदना मंदावली, म्हणजे बोंचलेला कांटा त्यास कळत नाहीं व जखम चिघळते. म्हणून त्याच्या डॉक्टरानें वहाणांचीही चौकशी केली पाहिजे. ज्या घरीं फ्रीज नाहीं, तेथें इन्सुलिन ओल्या मडक्यांत गार कसें ठेवावें, हें सांगतां आलें पाहिजे.

दुसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथें गांवच्याच स्त्रियांस शिकवून त्यांच्याकरवीं घरोघरीं नवजात अर्भकांची शुश्रूषा करविली. ३९ गांवांतील या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला : तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजातमृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. खेड्यांतील डॉक्टरास स्वतः उपचार करण्याइतकेंच दुसऱ्यास शिकवितांही आलें पाहिजे, हा याचा अर्थ.

तथापि पंधरा दिवसांत ओळख होते, शिक्षण होत नाहीं. नवख्या डॉक्टरास आरोग्यकेंद्रांत एकटें बसविल्यानेंही तें होत नाहीं. अनुभवी गुरु शेजारीं हवा, आणि तींच घरें पुन्हा पुन्हा पाहावयास हवींत. कुटुंबवैद्यक हा पदवीनंतर तीन वर्षें शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊकही नसतें.

येथें प्रश्न आपल्या उंबरठ्याशीं येतो. घरांतील मूल डॉक्टर झालें, कीं ‘कशांतला तज्ज्ञ?’ असें आपण प्रथम विचारतों. आणि ‘सर्व कुटुंबाचा’ असें उत्तर आलें, तर वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. स्थळें पाहतांनाही तोच तराजू असतो. खेड्यांत डॉक्टर जात नाहींत म्हणून सरकारास दोष देणें आपणांस सोपें जातें. परंतु आपलाच नातू किंवा नात हा विषय घेऊन खेड्यांत राहावयास निघाली, तर तिला अडवूं नये, आणि ‘आतां पुढें काय?’ म्हणून दर सुटींत टोंचूंही नये. एवढें तरी प्रत्येक घरास करतां येण्याजोगें आहे.