पत्ते नकोत, सोयाबीन द्या!

"फासा टाकला असता सम संख्या येण्याची संभाव्यता काढा" हे गणित आपण सगळ्यांनीच सोडवलंय. पण फासा प्रत्यक्ष टाकला किती जणांनी?

राज्य मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यता थेट पाचव्या प्रकरणात भेटते. तीही बोर्डाच्या वर्षात, म्हणजे नमुना अवकाश लिहा, सूत्र टाका, मार्क घ्या! शिवाय ते 52 पत्ते. ज्या घरात पत्त्यांना हात लावला तर पाठीत धपाटा बसतो, तिथल्या मुलीने इस्पिक आणि किलवर पाठ करायचे!

माझं म्हणणं सरळ आहे. हा विषय सहावी-सातवीतच आणावा, आणि सूत्राशिवाय. साहित्य? आमच्या मुरुमला (ता. उमरगा) ते पोत्यात भरून पडलेलं असतं. घरचं सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, काही दिवसांनी कोंब मोजा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी जास्त टाकायचं. ही संभाव्यताच की!

वर्गात मात्र एकाच पोत्यातले दहा-दहा दाणे वाटा. कुणाचे पाच उगवतील, कुणाचे नऊ. होऊ देत भांडणं! मग चाळीस पोरांची बेरीज फळ्यावर मांडा, 400 दाण्यांची. दहा दाण्यांवरून पोत्याचा निकाल लावायचा नसतो, हे व्याख्येशिवाय कळेल. (एम-थ्रीच्या पेपरात पानभर लिहूनही आपल्यापैकी कितीजणांना ते कळलंय, देव जाणे.)

सर म्हणतील, पोर्शन कधी संपवायचा? अडचण खरी आहे. पण "शंभरातले बहात्तर" मोजताना टक्केवारीचा धडाही होतोच ना.

आणि हे नुसतं मार्कांचं प्रकरण नाही. उगवण फसली की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उधारी. हवामान खातं पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतं आणि आपण ते वचन समजून बसतो. तीन मुली झालेल्या बाईला "आता मुलगाच बघ" म्हणून चौथ्यांदा बाळंतपणाला बसवतात. मागचं काहीही नाण्याला आठवत नसतं, हे बाराव्या वर्षी शंभर वेळा नाणं उडवून पाहिलेली मुलगी सासूला निदान विचारेल तरी!

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शाळेचे तास रिकामेच जातात. तेव्हा लागतं काय, तर एक गोणपाट, बादलीभर पाणी आणि प्रत्येकी दहा दाणे.