टक्के हाडाचे, नुकसान रोजगाराचे

समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यातील जांबरगाव टोलनाक्याजवळ १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री भाविकांचे वाहन ट्रकवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले, वीसहून अधिक जखमी झाले. सरकारी मदत जाहीर झाली आणि वृत्तपत्रांपुरता विषय संपला. अशा प्रत्येक अपघातातील जखमींचा खरा झगडा मात्र त्यानंतर सुरू होतो, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे.

विमा कंपनी जखम नंतर पाहते, कागद आधी. फिर्याद, पंचनामा, चालकाचा परवाना, वाहनाचे परमिट, पॉलिसीची मुदत यांत कोठे फट सापडते का, हा पहिला शोध असतो. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी असतील तर कंपनीची जबाबदारी परवानगीच्या प्रवासीसंख्येपुरतीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अंजना श्याम प्रकरणात ठरविले आहे. तेवढ्या रकमेत सर्व दावेदारांना प्रमाणात वाटा मिळतो. खच्चून भरलेल्या काळी-पिवळीतून रोज प्रवास करणाऱ्या मराठवाड्याला हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच!

यानंतर येते अपंगत्वाची टक्केवारी, आणि खरी ओढाताण येथेच होते. वाळूजच्या कारखान्यात लेथ चालविणारा ३८ वर्षांचा कामगार कल्पू. पगार महिना २० हजार, उजवा हात कायमचा अधू. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात त्या हाताचे अपंगत्व ४० टक्के. कंपनीचा वकील म्हणणार, हे एका अवयवाचे आहे, संपूर्ण शरीराचे १५ टक्केच धरा. सरला वर्मा निकालातील (२००९) कोष्टकानुसार या वयाला गुणक १५. म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार गुणिले १५, त्याचे १५ टक्के, ५ लाख ४० हजार रुपये.

पण लेथ आता त्याला चालविता येणार नाही, त्याचे काय? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच भेद स्पष्ट केला. वैद्यकीय अपंगत्व वेगळे, कमाईच्या क्षमतेतील घट वेगळी. डावा हात गमावलेल्या सुताराचे आणि कारकुनाचे नुकसान सारखे नसते. न्यायाधिकरणाने ही घट ६० टक्के मानली तर तीच रक्कम २१ लाख ६० हजारांवर जाते. भविष्यातील वेतनवाढ वेगळीच. जखम एकच, कागदही तेच. फरक पडतो तो व्यवसायाचा पुरावा आणि डॉक्टरांची साक्ष यांमुळे. पगारपत्रक नसलेला गवंडी किंवा रिक्षाचालक येथेच मागे पडतो.

कायद्याने वेग आणण्याचा प्रयत्न केला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो आणि कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव ठेवायचा असतो. त्याच दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी यांतच सहा महिने घालविणाऱ्यांना ही अट किती जाचक आहे, हे सांगायला नको.

रुग्णालयाच्या बिलांनी कर्जबाजारी झालेल्या घरापुढे लोकअदालतीत रोख रकमेचा प्रस्ताव येतो, तेव्हा तो बहुधा पहिल्या हिशेबाच्या जवळचा असतो. तो नाकारता येतो. मात्र तडजोडीवर सही होऊन निवाडा झाला, की त्याविरुद्ध अपील करता येत नाही.