सर्वपित्रीपर्यंत मुदत: रामघाटच्या खानावळवाल्यांना शेवटचा इशारा

काशीतल्या रामघाट, मंगळागौरी, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात यात्रेकरूंना जेवू घालणाऱ्या प्रत्येकासाठी हा इशारा आहे. मराठी खानावळी, वाड्याच्या माडीवर दोन पंगती उठवणारी घरे, गच्चीवरचे नवे कॅफे, मुक्कामाबरोबर जेवण देणारे होमस्टे आणि श्राद्धाच्या स्वयंपाकाचा मक्ता घेणारे आचारी, सगळे यात आले. मुदत सर्वपित्री अमावस्येच्या संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी घट बसतात, उपासाचे फराळ सुरू होतात, आणि मग चालढकल करायला जागा उरत नाही.

हे सांगणारे आम्ही कोण, असे कोणी विचारेल. आमच्या घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात. मुक्काम आमच्याकडे, धर्मकृत्ये आमच्याकडे आणि जेवण तुमच्याकडे, अशी ही जुनी वहिवाट. सोलापूरची म्हातारी असो की नागपूरचे नवविवाहित जोडपे, 'जेवायचे कुठे?' असे विचारले की आम्ही बोट दाखवतो आणि ते डोळे मिटून तिकडे जातात. आजवर कोणी कागद मागितला नाही. आता आम्ही मागतो आहोत, कारण गेल्या वर्षी एकादशीच्या फराळानंतर आमच्याकडची माणसे रात्रभर ओकत होती आणि पहाटे त्यांना हातगाडीवरून गल्लीबाहेर काढून रुग्णालयात न्यावे लागले. ज्यांच्याकडे ती जेवली त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांना ते माहीत आहे.

१३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धाम खुले झाले आणि काशीची गर्दी पालटली. २०२५ च्या महाकुंभात प्रयागला गेलेला माणूस काशीला आल्यावाचून राहिला नाही. त्या लोंढ्याला पोसायला या गल्ल्यांत जिन्याखाली, न्हाणीशेजारी, बंद पडलेल्या गोठ्यांत चुली पेटल्या. दहा माणसांचा स्वयंपाक करणारे हात शंभरांचा करू लागले. भांडी वाढली, माणसे वाढली, पैसाही वाढला. पाण्याची टाकी आणि मोरी मात्र तेवढीच राहिली.

सगळ्यांची सबब एकच: 'आम्ही काही हॉटेल चालवत नाही, घरगुती आहे.' तिच्या पाठोपाठ दुसरी येते: 'नफ्यासाठी नाही, सेवा म्हणून करतो.' अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ३ उघडून वाचा. अन्नव्यवसाय म्हणजे काय, याची व्याख्या तिथे आहे आणि तीत नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, जेवण पुरवणारा प्रत्येक उद्योग धरला आहे. तुमच्या दारावर पाटी नाही म्हणून तुम्ही कायद्याबाहेर जात नाही. ताटाचे पैसे 'दक्षिणा' म्हणून घेतले म्हणूनही जात नाही. देवस्थानांच्या प्रसादालयांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'भोग' नावाची वेगळी योजना काढली. देवाचा नैवेद्य ज्या कायद्यातून सुटला नाही, त्यातून तुमची माडी सुटेल कशी?

छोट्या व्यवसायाला कलम ३१ खाली नोंदणी लागते, मोठ्याला परवाना. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली गेली. तुमच्याकडे एका थाळीला त्याहून जास्त पडतात. परवाना लागत असून तो न काढता धंदा केला, तर कलम ६३ आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातला तुरुंगवास काढला, पण दंडाची कमाल ५ लाखांवरून १० लाखांवर नेली. तुरुंग गेला म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांनी हा दुसरा आकडा नीट वाचावा. आणि दूषित अन्नाने माणूस दगावला, तर कलम ५९ खाली किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि १० लाखांहून कमी नाही इतका दंड, हे अजून तसेच आहे. कलम ६५ ची भरपाई त्याहून वेगळी.

आता भगरीचे बोलतो, कारण या इशाऱ्याचे खरे मूळ तिथे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह होता. एकादशीला भगर आणि आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात खाटा पुरेनात. माणसे बाहेर जमिनीवर निजली आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. उत्तरेत हीच गोष्ट उपासाच्या कुट्टूच्या पिठाची. सप्टेंबर २०२५ मध्ये नवरात्राच्या सुरुवातीलाच दिल्लीच्या जहांगीरपुरीत कुट्टूचे पीठ खाऊन लोकांच्या रांगा रुग्णालयात लागल्या. रामघाटावरच्या खानावळीत हे दोन्ही पदार्थ एकाच फळीवर असतात.

भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिची विषे शिजवल्याने जात नाहीत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे पुनःपुन्हा बजावले आहे: सुटी भगर घेऊ नका, बंद पाकीट घ्या, तारीख बघा, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवा, पीठ दळून साठवू नका. पावसाळ्याची दमट हवा या बुरशीला मानवते. आणि इथला पावसाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. गंगा घाटांच्या पायऱ्या गिळते, वाड्यांच्या भिंती कंबरेपर्यंत ओल धरतात, नळाला गढूळ पाणी येते. त्या दिवसांत जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेले सुट्या भगरीचे पोते आम्ही पाहिले आहे. तळाच्या गोणपाटावर करडे डाग होते. आचारी वरून डाग नसलेली भगर पेल्याने काढत होता, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. ते पोते कोणत्या दुकानातून आले, असे मालकांना विचारले, तर 'नेहमीच्या माणसाकडून' एवढेच उत्तर आले.

त्या उत्तराने तुमचा गळा कायद्यात अडकतो. कलम २७ सांगते की ज्याच्याकडून माल घेतला तो उत्पादक वा वितरक दाखवता आला नाही, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. कलम ८० मध्ये बचाव आहे, पण आपण सगळी खबरदारी घेतली हे सिद्ध करणाऱ्याला. बिल नाही, पाकीट नाही, तारीख नाही, मग सिद्ध काय करणार? दोनशे रुपये वाचवायला सुटी भगर घेणारा माणूस व्यापाऱ्याचे पाप स्वतःच्या नावावर लिहून घेतो. आमची अट सोपी आहे: भगर, कुट्टू, शिंगाड्याचे पीठ आणि खवा बिलाशिवाय घरात यायचा नाही, आणि जुने जे पडले आहे ते घट बसण्याआधी फेकायचे. गायीला घालायचे नाही, फेकायचे.

दुसरे भय गॅसचे. खानावळीत निळे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर असायला हवे. प्रत्यक्षात लाल १४.२ किलोची घरगुती सिलिंडरे असतात, तीन-चार एका ओळीत, शेजाऱ्यांच्या पुस्तकावर घेतलेली. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगाची तरतूद आहे. पण आम्हाला कायद्यापेक्षा गल्लीची धास्ती जास्त आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर निघून जात नाही, खाली साचतो. आणि तुमची स्वयंपाकघरे तळघरात, जिन्याखाली, खिडकी नसलेल्या खोल्यांत आहेत. पक्का महाल म्हणतात त्या या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावे लागते. अग्निशमनाचा बंब तिथे येणार कसा? ऑगस्ट २०२५ मध्ये याच वस्तीत आत्मवीरेश्वर मंदिरात आरतीच्या वेळी आग लागून माणसे भाजली, तेव्हा त्यांना गल्लीतून बाहेर काढतानाची धावपळ सगळ्यांनी पाहिली. ती गॅसची आग नव्हती. गॅसची लागली तर शेजारच्या चार वाड्यांना पळायला वाट नाही. त्या वाड्यांत आमचीही मुले झोपतात, म्हणून यात सवलत मिळणार नाही.

जागेच्या कागदाचे थोडक्यात. नोंदणीला जागेचा पुरावा लागतो आणि इथे अर्ध्या वाड्यांचे भाडे आजोबांच्या नावाने चालू आहे. १७ जून २०२५ च्या रात्री शहरातल्या लंका भागात रस्ता रुंद करण्यासाठी पहलवान लस्सी आणि चाचीची कचौरी ही नावाजलेली दुकाने पाडली गेली. ते प्रकरण वेगळे, रस्त्याचे होते, आणि आम्हाला त्याची हळहळ आहे. पण जुनेपण आणि नाव यांनी जागा वाचत नाही, हे त्या रात्री सगळ्या शहराला कळले. घाटांपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई असताना गच्चीवर पत्रे ठोकून कॅफे उघडणाऱ्यांनी तर झोपूच नये.

पाटीचा वादही मिटवून टाकतो. कावड यात्रेच्या मार्गावर मालकाचे नाव लावण्याच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ ला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे लावावेच लागेल, असे म्हटले. मालकाचे नाव, जात, गाव यात आम्हाला रस नाही. कोणाच्या घरची पंगत आहे, हे विचारून आम्ही यात्रेकरू पाठवत नाही आणि यापुढेही पाठवणार नाही. आम्हाला नोंदणीचा वा परवान्याचा १४ आकडी क्रमांक हवा, भिंतीवर, जेवणाऱ्याला दिसेल असा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापायचा आहे. सेवाशुल्क बिलात आपोआप लावणे चूक, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला उचलून धरले. गच्चीवरच्या कॅफेवाल्यांनी ते ध्यानात घ्यावे. वर्तमानपत्रात कचौरी बांधणे बंद. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या आणि चमचे १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, तेही बंद.

एक तक्रार मात्र खरी आहे, ती झटकून टाकत नाही. 'कागद केला की साहेब यायला लागतात, आणि साहेब आले की पाकीट द्यावे लागते,' असे अनेकांनी सांगितले. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडूनच पाकीट निघते, हे आधी समजून घ्या. कायदा तुम्हालाही हात देतो. अधिकाऱ्याने नमुना घेतला तर लेखी सूचना द्यायची, किंमत मोजायची आणि नमुन्याचे चार भाग करायचे. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, असे तुम्ही स्वखर्चाने म्हणू शकता. विश्लेषकाचा अहवाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील आहे. किरकोळ उणिवा असतील तर आधी कलम ३२ ची सुधारणा नोटीस येते आणि तिच्यात किमान १४ दिवस मिळतात. हे हक्क नोंदणी असलेल्याने ताठ मानेने मागावेत. जो लपून चूल चालवतो तो अधिकाऱ्याकडे कोणत्या तोंडाने हक्क मागेल?

माडीवर एकट्याने पंगत वाढणाऱ्या काकू-मावशी आहेत, ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही, त्यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. आधार, फोटो आणि जागेचा जो असेल तो कागद घेऊन सांगवेद विद्यालयाच्या बाजूने संध्याकाळी आमच्याकडे या. आमची मुले अर्ज भरून देतील, फीसुद्धा आम्ही भरू. पितृपक्षात श्वास घ्यायला वेळ नाही, ही सबब त्यामुळे कोणालाही उरत नाही.

आता पुढचे नीट ऐका. सर्वपित्रीच्या संध्याकाळी आम्ही दारोदार येऊ. नोंदणी प्रमाणपत्र किंवा अर्जाची पोच, उपासाच्या धान्याची बिले, व्यावसायिक सिलिंडर, पुरानंतर धुतलेली पाण्याची टाकी आणि पाणी तपासल्याचा अहवाल, अन्नाला हात लावणाऱ्या माणसांचे वैद्यकीय दाखले, एवढे दाखवा. ज्याने दाखवले त्याचे नाव आमच्या यादीत राहील आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती यादी पडेल.

ज्याने दाखवले नाही, त्याच्या पंक्तीला घटस्थापनेच्या सकाळपासून आमचा एकही यात्रेकरू बसणार नाही. का बसायचे नाही, हे आम्ही येणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगू. दसऱ्यापर्यंतही सुधारणा झाली नाही, तर कलम ४० चा आधार घेऊ: ग्राहक म्हणून आधी सांगून, पैसे देऊन तुमच्याकडूनच भगर विकत घेऊ आणि फी भरून ती अन्न विश्लेषकाकडे तपासायला देऊ. अहवाल वाईट आला तर तो जिल्ह्याच्या अभिहित अधिकाऱ्याकडे लेखी तक्रारीसह जाईल, आणि त्याच दिवशी सरकारच्या जनसुनवाई पोर्टलवरही चढेल. लाल सिलिंडरांची तक्रार गॅस कंपनी आणि जिल्हा पुरवठा कार्यालय या दोघांकडे जाईल. तिला दसऱ्याची वाट पाहायची गरज नाही, ती घटस्थापनेलाच जाईल. देवदिवाळीला पंचगंगेवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाच्या कमाईवर तुमचे वर्ष चालते, हे आम्ही जाणतो. तोवर ज्याची चूल अशीच असेल ती देवदिवाळीच्या आधी बंद व्हावी, असा अर्ज आम्ही स्वतः सह्या करून देऊ.

मध्यस्थ पाठवू नका. नातेवाईक, पुढारी, मठाचे कारभारी, कोणाच्याही शब्दावर ही मुदत एका दिवसानेही वाढणार नाही.