सातशे रुपयांसाठी अख्खं खातं का गोठवता?

बुधवार पेठेतल्या दुकानदारांनो, कारागिरांनो, घरून ऑनलाइन कामं करणाऱ्या मुलामुलींनो,

तापकीर गल्लीत मोबाइलचे डिस्प्ले बदलून देणाऱ्या एका कारागिराचं खातं गोठलं. गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन करून सातशे रुपये दिले होते. ते चार खाती फिरून आलेले चोरीचे निघाले. घरभाडं, पोराची फी, मालाचे पैसे, सगळं अडकलं. बँक म्हणते पोलिसांना विचारा. तक्रार परराज्यातली, तिथला फोन कुणी उचलत नाही. आप्पा बळवंत चौकाजवळ राहून परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी डिझाइन करणाऱ्या मुलीचंही तेच. मेहनताना यूएसडीटी या क्रिप्टो चलनात येतो, ती तो पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकते. समोरच्याने पाठवलेले रुपये कुठून आले, हे तिने कसं ओळखावं?

चोर जरूर पकडा. ते सातशे रुपये अडवा, ज्याचे असतील त्याला द्या. उरलेल्या पैशांनी काय गुन्हा केला? गल्ल्यात खोटी नोट सापडली तर नोट जप्त होते, गल्ल्याला कुणी सील ठोकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ संशयित मालमत्ता जप्त करू देतं, पण दंडाधिकाऱ्याला ताबडतोब कळवायलाही सांगतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच बजावलं, संशयित रकमेपुरतंच खातं अडवा. तरी पोलिसांच्या एका ईमेलवर अख्खं खातं बंद! हा तपास नव्हे, आळस आहे, आणि त्याचा भुर्दंड आम्ही भरतो.

वर शहाणपण ऐका: ‘कर नाही त्याला डर कशाला?’ अहो, ज्याने काही केलं नाही त्याचंच खातं गोठलंय. चोर तासाभरात पैसे पुढे ढकलतो. शिल्लक ठेवतो तो कष्टकरी, म्हणून तावडीत तोच सापडतो.

‘क्रिप्टोच्या नादाला लागलात कशाला?’ रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. १ एप्रिल २०२२ पासून सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेतं, त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. कर घेताना हा पैसा चालतो, खात्यात उतरला की संशयित?

खातं गोठलेल्यांनी बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि संशयित रक्कम लेखी मागा. तोंडी उत्तरावर परतू नका. अर्जाची पोच घ्या आणि प्रत आमच्याकडे द्या. त्या सगळ्या प्रती घेऊन आपण एकत्र बँकांच्या दारात जाणार आहोत.

– तापकीर गल्लीतले काही दुकानदार आणि कारागीर