ओसाड जागेचा शोध आणि नेमबाजांची हौस

मुंबई, ठाणे व कल्याण येथील सुखवस्तू कुटुंबांनी दुसऱ्या घरासाठी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे मोर्चा वळविला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. वाशिंद स्थानकावर उतरावे, दलालाच्या मोटारीत बसावे, भातसेच्या काठची किंवा डोंगराच्या पायथ्याची जमीन पाहावी आणि ‘शेतघर’ या सोज्वळ नावाखाली बंगला उभा करावा, हा क्रम ठरून गेला आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मोटारवाल्यांना हा मुलूख आणखी जवळचा झाला. या ग्राहकांना नदी हवी असते, डोंगर हवा असतो, पोहण्याचा तलाव हवा असतो. त्यांच्यातील एका लहानशा, पण खिशाने भारी असलेल्या गटाला आणखी एक गोष्ट हवी असते : बंदुकीने निशाण साधण्याचा छंद स्वतःच्या कुंपणात, कोणाचीही आडकाठी न होता पुरवता यावा. अशा छंदाला सोयीची जागा कोणती, असा त्यांचा प्रश्न आहे. ही सोय कोणाच्या जिवावर उभी राहणार, हा दुसरा प्रश्न त्यांना पडत नाही. म्हणून तो येथे विचारणे भाग आहे.

‘सोयीची जागा’ म्हणजे नेमके काय, ते पाहावे. शेजार नसावा, आवाजाची तक्रार कोणी करू नये आणि निशाणामागे मोकळा डोंगर असावा, या तिच्या तीन अटी. वरवर पाहता या जमिनीच्या अटी वाटतात. वस्तुतः या माणसांविषयीच्या अटी आहेत. शेजार नसावा म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन आहे असा शेजारी नसावा. तक्रार होऊ नये म्हणजे ज्याची तक्रार पोलीस ठाण्यात लिहून घेतली जाईल असा माणूस जवळ नसावा. आणि मोकळा डोंगर म्हणजे ज्याच्यावर वावरणारी माणसे खरेदीखतात कोठेही दिसत नाहीत असा डोंगर.

शहापूर–मुरबाडचा डोंगर मोकळा कधीच नव्हता. वाशिंदच्या आसपास आणि आतल्या खोऱ्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या व पाडे विखुरलेले आहेत. पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका शेवळे खुडण्यासाठी याच उतारांवर पहाटे चढतात आणि त्यांच्या जुड्या बाजारात आणून विकतात. उन्हाळ्यात करवंदे, पावसाळ्यात खेकडे व रानभाज्या, हिवाळ्यात सरपण आणि बारमाही गुरांच्या वाटा, असा या रानाचा वर्षभराचा संसार आहे. मात्र पायवाट सातबाऱ्यावर नसते. शेवळे खुडणारीचे नाव कोणत्याही उताऱ्याच्या रकान्यात नसते. शहरातून आलेला ग्राहक कागद पाहतो, कागदावर माणूस नाही म्हणून रानातही माणूस नाही असे मानतो आणि त्या समजुतीच्या बळावर बंदुकीचा चाप ओढतो.

आता गोळीची गोष्ट. खेळाच्या नेमबाजीत वापरली जाणारी पॉइंट टू टू ही सर्वांत लहान काडतुसांपैकी एक समजली जाते. ५० मीटरवरच्या कागदी वर्तुळावर ती झाडली जाते, म्हणून तिची धाव ५० मीटरच असावी असा भाबडा समज आढळतो. प्रत्यक्षात मोकळ्या हवेत वर झुकवून सोडलेली ही गोळी दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. दोन किलोमीटर म्हणजे या भागात एका पाड्यापासून पलीकडच्या शाळेपर्यंतचे अंतर. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचा शिशाचा छर्रा एवढा दूर जात नाही, परंतु पक्षी मारण्यास आणि मुलाचा डोळा फोडण्यास तो पुरेसा असतो. म्हणूनच खऱ्या नेमबाजी मैदानाचा प्राण बंदुकीत नसून तिच्यापुढच्या बंदोबस्तात असतो. निशाणामागे गोळी थोपविणारा भक्कम बांध लागतो, दोन्ही बाजूंना आडोसे लागतात, गोळीबाराची वेळ सांगणारा लाल बावटा लागतो आणि ‘थांबा’ म्हणताच सर्वांना थांबविणारा अधिकारी लागतो.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. अशा जत्रांत फुग्यांवर नेम धरायला लावणारा फिरस्ता दुकानदार पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची बंदूक जुनी, भांडवल चार पाकिटे फुग्यांचे. पण तो प्रथम फळी उभी करतो, मग तिच्यावर फुगे लावतो आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात आडवा कठडा ठेवतो. बंदूक भरून तो स्वतःच्या हाताने देतो. पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाला कळते, की गोळी सुटली तर ती कोठेतरी अडली पाहिजे. लाखो रुपयांची जमीन घेणाऱ्या हौशी माणसाला ते कळू नये, यात शिक्षणाची उणीव नाही. फळीच्या मागे गिऱ्हाइके, बायका, पोरे आहेत हे दुकानदाराला दिसते. शेतघराच्या मालकाला डोंगर हीच फुकटात मिळालेली फळी वाटते.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो. आपल्या अंगणाचे गोळीबाराच्या मैदानात रूपांतर करण्याचा अधिकार त्यात येत नाही. रायफल क्लब आणि नेमबाजीची मैदाने यांच्यासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत वेगळ्या तरतुदी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३४ असे सांगते, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देताना मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, हे येथे जमीन विकणारे दलाल हिरव्या निसर्गाचे आकर्षण म्हणून आवर्जून सांगतात. कलम ३४ सांगत नाहीत. पळवाटही आहेच : २० ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या आणि साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. तेवढीच ही हौस राजरोस दिवाणखान्यात येऊन बसते.

याच कायद्याचे दुसरे टोक कातकऱ्याच्या वाट्याला येते. पिढ्यान् पिढ्या गलोल, फासे आणि जाळी यांवर ज्याने अर्धपोटी दिवस काढले, त्याने ससा किंवा घोरपड धरली तर तो १९७२ च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. वन्यजीव वाचले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या मोहिमेत डोंगरी गावकऱ्यांनी दोन हजारांहून अधिक हवाई बंदुका पक्ष्यांसाठी शासनाच्या स्वाधीन केल्या. गरीब माणूस रानासाठी आपली सवय सोडू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे. मग त्याच रानाच्या कडेला छंद म्हणून बंदूक घेऊन येणाऱ्याला कोणी काहीच का विचारू नये? भुकेपोटी झाडलेला दगड हा अपराध आणि करमणुकीपोटी झाडलेली गोळी ही जीवनशैली, हा न्याय कोणत्या संहितेत बसतो?

या डोंगरांना बंदुकीचा आवाज नवा नाही. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात इंग्रज सरकारच्या पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. ज्या सरकारने हे केले त्यानेच १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचे हात बांधले होते आणि गोऱ्या साहेबाला त्या बंधनातून वगळून शिकारीची मुभा ठेवली होती. त्या अपमानाची जाणीव होती म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मांडला. तेव्हा नागरिकाच्या हाती शस्त्र नकोच, अशी भूमिका येथे कोणी घेतलेली नाही. आक्षेप आहे तो साहेबाची जुनी सवलत नव्या धनिकाने जमिनीच्या किमतीबरोबर विकत घ्यावी, याला.

‘सोयीच्या जागे’ची ही कल्पना मुळात अमेरिकेतून आली आहे. तेथे संघराज्याच्या मालकीच्या अफाट पडीक जमिनींवर हौशी नेमबाजी बहुतेक ठिकाणी करता येते. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार त्या देशात नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२०. त्या जमिनी ‘मोकळ्या’ कशा झाल्या, हे तेथील मूळ रहिवाशांना विचारावे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहतात. येथे अमेरिकी मोकळीक हवी असेल तर प्रथम माणसे हटवावी लागतील. शहापूर–मुरबाडमध्ये ती गोळीने हटविली जात नाहीत, कुंपणाने हटविली जातात. तारेचे कुंपण पडते, पायवाट बंद होते, सरपणाची खेप दुप्पट लांबते आणि कुंपणाआड बंदूक वाजू लागली की उरलेली वहिवाटही माणसे आपणहून सोडून देतात. बंदुकीचे काम केवळ तिच्या आवाजावर भागते.

यावर असे म्हटले जाईल, की नेमबाजी हा मान्यताप्राप्त ऑलिंपिक खेळ आहे, मैदाने थोडी आहेत, शहरातली जागा महाग आहे, मग खेळाडूने जावे कोठे? हा युक्तिवाद गांभीर्याने घेण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा. त्याला कोणा बंगल्याच्या अंगणाने घडविले नाही. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला हाताशी धरले आणि मध्य रेल्वेने नोकरी दिली. तीच मध्य रेल्वे, जिच्या गाड्या वाशिंदवरून रोज धावतात. २०१० साली जागतिक विजेतेपद पटकावणाऱ्या तेजस्विनी सावंत याही कोल्हापूरच्याच. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. खेळ वाढला तो सार्वजनिक मैदानांवर वाढला.

आणि मैदान म्हणजे शेकडो एकर नव्हे. हवाई रायफल व हवाई पिस्तुलाचे अंतर अवघे १० मीटर असते. भक्कम भिंतीचे एखादे बंदिस्त सभागृह, एक प्रशिक्षक, चार बंदुका आणि छर्रे गोळा करणारी पेटी एवढ्यावर शाळकरी मुलांचा सराव सुरू होतो. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकी सेवेतील नागरिकांच्या अनिवार्य सरावासाठी मैदान उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कायद्याने गावपालिकांवर टाकली आहे. त्याच देशाला आज हजारो जुन्या मैदानांच्या मातीतील शिसे उपसण्याचा खर्च सोसावा लागतो आहे. सार्वजनिक मैदानाचा हिशेब निदान कोणीतरी मांडतो. खासगी टेकडीत मुरलेल्या शिशाचा हिशेब कोण मांडणार? आणि हा तालुका मुंबईचा पाणवठा आहे. तानसा, मोडक सागर, भातसा यांचे पाणी महानगराला जाते आणि धरणांच्या कुशीतले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईचे पाणी येथून, मुंबईच्या सुट्ट्या येथे आणि आता मुंबईचा गोळीबारही येथेच, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा करायचे काय, हेही स्पष्ट असावे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. ज्या कुंपणाआड बंदूक वाजते त्याच्या जमिनीचा मूळ धनी कोण, शेतघर म्हणून काय बांधले, नेमबाजीला परवानगी कोणी दिली, हे प्रश्न ग्रामसभांनी ठरावाने विचारावेत आणि तहसीलदार व पोलीस यांनी त्यांची लेखी उत्तरे द्यावीत. वहिवाटीच्या पायवाटा मोजून त्यांची नोंद करावी. हवाई बंदुकीसह कोणताही सराव बंदिस्त, तपासलेल्या जागेबाहेर होऊ नये. आणि वाशिंद, शहापूर, मुरबाड येथील शाळांत शासनाने १० मीटरची नेमबाजी केंद्रे उघडावीत. शेतघराच्या मालकाला खरोखरच खेळाची गोडी असेल तर त्याने तेथे यावे आणि कातकऱ्याच्या पोराशेजारी उभे राहून नेम धरावा.

लहानपणापासून गलोल चालविणाऱ्या त्या पोराचा नेम बहुधा अधिक अचूक ठरेल. आजवर त्याच्या हाती रायफल आली नाही. त्याच्या वाटेवर मात्र दुसऱ्याची रायफल रोखली गेली आहे. ती आधी तेथून हटली पाहिजे.