निलगिरी : दुष्काळ सोसणारी, तरीही पाणी शोधणारी

छत्तीसगड सरकारने २१ मार्च २०२३ रोजी मुख्यमंत्री वृक्ष संपदा योजना सुरू केली. पाच वर्षांत १ लाख ८० हजार एकर क्षेत्रावर व्यापारी वृक्षांची लागवड करण्याचे उद्दिष्ट त्यावेळी ठरविण्यात आले. पाच एकरांपर्यंतच्या लागवडीसाठी शंभर टक्के, तर त्याहून अधिक क्षेत्रासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. राज्यातील सत्तांतरानंतर हीच योजना किसान वृक्ष मित्र योजना या नावाने पुढे नेण्यात आली. योजनेतील वृक्षांत क्लोन निलगिरीला महत्त्वाचे स्थान आहे. त्यामुळे दुर्ग जिल्ह्यात भिलाईनजीक असलेल्या उतईसारख्या धानाच्या परिसरात हे झाड कोठे लावावे आणि कोठे लावू नये, या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक ठरते.

निलगिरीची ख्याती दुष्काळ सोसणारे झाड अशी आहे. मात्र दुष्काळ सोसणे आणि पाणी कमी पिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतात प्रचलित असलेल्या जातींपैकी युकॅलिप्टस कॅमाल्डुलेन्सिस ही जात ऑस्ट्रेलियात मुख्यतः नद्यांच्या काठी वाढते. पात्र कोरडे पडले तरी हा वृक्ष तग धरतो, कारण त्याची मुळे खोलवर साठलेल्या ओलाव्यापर्यंत पोहोचतात. थोडक्यात, निलगिरी पाण्यावाचून जगत नाही, ती पाणी शोधून काढते.

या संदर्भात कर्नाटकातील संशोधन मार्गदर्शक आहे. ब्रिटिश आणि भारतीय शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात तेथे केलेल्या मोजमापांत जमिनीची खोली निर्णायक ठरल्याचे दिसून आले. मध्यम खोलीच्या जमिनीत निलगिरीने स्थानिक पानझडी जंगलापेक्षा अधिक पाणी घेतले नाही. बंगळुरूजवळील होसकोटे येथील खोल जमिनीत मात्र तिचा पाणीवापर पावसाच्या पाण्याहूनही अधिक आढळला. रागीच्या तुलनेत निलगिरीचा पाणीवापर सुमारे दुप्पट होता. पुढे कर्नाटक सरकारने भूजलाच्या प्रश्नावरून २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

हा निष्कर्ष उतईच्या परिसराला लावण्यासाठी तेथील मातीचा विचार करावा लागतो. छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार मानतात. भाटा म्हणजे उंचावरची लाल, मुरमाड आणि पाणी न धरणारी जमीन. कन्हार ही काळी, भारी आणि ओल टिकवणारी जमीन असते. धानाच्या बांधीत पावसाळाभर पाणी उभे असते आणि तेथे निलगिरीच्या कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. झाडे मोठी झाल्यानंतर त्यांची मुळे शेजारच्या पिकाच्या ओलाव्यात वाटेकरी होतात. गावतळी आणि विहिरी यांच्या लगत लागवड करणे म्हणूनच जोखमीचे आहे. भाटा जमीन त्या मानाने योग्य असली, तरी तेथे झाडाची वाढ मंद राहते आणि उत्पन्नही त्याच प्रमाणात मिळते.

जोपासनेबाबतही काही गैरसमज आहेत. रोप लावले की निलगिरी आपोआप वाढते, ही समजूत खरी नाही. लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी करावी लागते. तीन मीटर बाय दोन मीटर अंतर ठेवल्यास एका एकरात सुमारे ६७० रोपे बसतात. पहिली दोन वर्षे तण काढणे, वाळवीपासून रोपांचे रक्षण करणे आणि पानांवर गाठी निर्माण करणाऱ्या किडीवर लक्ष ठेवणे गरजेचे असते. मुळे खोल जाईपर्यंत, विशेषतः पहिल्या उन्हाळ्यात, रोपांना वरचे पाणी द्यावे लागते. चार ते पाच वर्षांनी तोड झाल्यावर खुंटाला अनेक धुमारे फुटतात. त्यांपैकी जोमदार असे एक-दोनच राखल्यास पुढचे पीक नव्या लागवडीविना घेता येते.

आर्थिक गणितही तितकेच महत्त्वाचे आहे. छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या खरीप हंगामापासून धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये दर आणि एकरी २१ क्विंटल खरेदीची मर्यादा लागू करण्यात आली. म्हणजे पूर्ण मर्यादेइतके धान विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती एकरी ६५,१०० रुपये येतात आणि तेही दरवर्षी. निलगिरीचा पैसा मात्र चार-पाच वर्षांनी मिळतो. १९८० च्या दशकात पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर निलगिरी लावली. सर्वांचा माल एकाच सुमारास बाजारात आला आणि दशकाच्या अखेरीस भाव कोसळले. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादकांनी याच दशकात सहकाराचा मार्ग धरला. झाड वाढविण्याइतकेच ते विकणे कठीण असते, ही जाणीव त्यामागे होती.

उतईच्या परिसरात पाण्यावर अनेकांचा हक्क आहे. बालोद जिल्ह्यातील तांदुला जलाशयाचे पाणी शेतीबरोबरच भिलाई पोलाद कारखान्यालाही दिले जाते. अशा भागात विहिरी आणि तळी हाच लहान शेतकऱ्याचा आधार असतो. त्यामुळे अनुदान देताना केवळ एकरांची संख्या न पाहता जमिनीचा प्रकार, मातीची खोली, जलस्रोतापासूनचे अंतर आणि खरेदीदाराची उपलब्धता तपासली जाणे इष्ट ठरेल. भाटा जमिनीवर, मर्यादित प्रमाणात आणि विक्रीची व्यवस्था करून लावलेली निलगिरी शेतकऱ्याला आधार देऊ शकते. तीच निलगिरी तळ्याच्या काठी किंवा धानाच्या खोल जमिनीत लावली, तर तिच्या लाकडाची किंमत शेजाऱ्याच्या विहिरीला मोजावी लागण्याचा धोका आहे.